होळीला दिलेली चीड

५ जानेवारी, रविवार

माळावरच्या झाडांतल्या पाचवीचा शेंडा लाल झाला. काल वाटलं मावळतीचं ऊन पडलंय. आज सकाळी दहाला परत माळावर जाऊन बघितलं. ऊन नव्हे. पानांच्या सुया वाळल्यात.

बुंध्यावर डिंकाच्या गोळ्या आल्यात, जांभळाएवढ्या. गरम पाण्याचं फडकं नेऊन पुसून काढल्या. दिवाळीपासून पुसतेय. पुसल्या की दोन दिवसांत परत. आंब्याला करतात तसं भोकांवर शेण-मातीचं लिंपण केलं.

चौथीला नि सातवीलाही गोळ्या आहेत. तिथवर हात पोचले नाहीत. उद्या.

७ जाने., मंगळवार

पांडू भावोजी पाण्याच्या पाइपचं बघायला आले होते. माझे धाकटे दीर, पण आता घरात सगळ्यात मोठे तेच. माळाकडे बघून म्हणाले, "वयनी, तुजी चीड आता खरीच चिडली गो." स्वतःच हसले. मी हसले नाही, तसे चहा पिऊन उठले.

विनोद जुनाच आहे. चोवीस वर्षांपूर्वीचा. ह्यांना वनखात्यानं रोपवाटिकेच्या कामासाठी उत्तरेत डोंगरात पाठवलं होतं. येताना चुन्याच्या डबीत बी घालून आणलं. तिकडे ह्या पाइनच्या झाडाला चीड म्हणतात, हेही तसंच म्हणायचे. आमच्या वरकस जमिनीत, जिथे नाचणीसुद्धा धड येत नव्हती, तिथे अकरा रोपं जगली. ह्यांनी पत्र्याचे तुकडे कापून नंबर मारले, एक ते अकरा, खात्यात मारतात तसे. वाडीतली माणसं म्हणायची, दादाला जन्मात कधी राग येत नाय आणि माळावर चीड लावतोय.

आता दहा आहेत.

१२ जाने., रविवार

सुषमा आली सासरहून, गडबहून, जावई नाहीत, एकटीच. मी माळावर होते, फडकं नि बादली घेऊन. बांधावरूनच ओरडली, "आई, झाडांना आंघोळ घालतेस?"

घरी आल्यावर तेच. इथे एकटी किती दिवस राहणार, गडबला चल, खोली रिकामी आहे. म्हटलं, पाचवी बरी होऊ दे. ती म्हणाली, "पाचवी मेलीय आई. नीट बघ ना." मग रडली. मग मोबाइलवर फोटो काढले, बुंध्याचे, भोकांचे, लाकडाचा भुगा पडलाय त्याचे. तिच्या ओळखीच्या कुणी मॅडम आहेत, झाडांच्या किडींचंच शिकवतात. त्यांना पाठवले.

वालाचं बिरडं केलं होतं. दोन वेळा घेतलं तिनं.

१९ जाने., रविवार

मॅडम आल्या. मला वाटलं होतं मोठ्या वयाच्या असतील. सुषमाहून लहान. पायात बूट, पाठीवर पिशवी. चहा नको म्हणाल्या, आधी झाड.

पाचवीची साल त्यांनी चाकूनं उचलली. ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटली. आत सगळं कोरलेलं. एक जाड उभी रेघ, तिला दोन्ही बाजूंनी बारीक आडव्या रेघा, काही वळलेल्या, काही मध्येच थांबलेल्या. मी बघतच राहिले. मला तिशीनंतर वाचता यायला लागलं, ह्यांच्या नोंदवह्यांवरून अक्षर अक्षर जोडून. तेव्हापासून समोर येईल ते वाचते, पुड्यांचे कागदसुद्धा. ह्या रेघांकडे बघून आधी तेच मनात आलं, की हे काय लिहिलंय.

मॅडमनी सांगितलं. उभी रेघ आईची. ती सालीखाली बोगदा करत जाते नि कडेनं अंडी घालते. आडव्या रेघा अळ्यांच्या. अळ्या झाडाचं अन्न वाहतं तो थर खातात, झाड चहूबाजूंनी उपाशी मरतं. मग अळीचा कोष, कोषाचा भुंगेरा, तो साल भोकसून उडतो नि शेजारचं झाड धरतो. तळहातावर एक दाखवला. तिळाएवढा, काळा-तपकिरी. मी म्हटलं, एवढाच? म्हणाल्या, "एवढाच. पण एकटा येत नाही. पहिला येतो तो वासानं बाकीच्यांना बोलावतो."

डिंकाचं विचारलं. मी सांगितलं, रोज पुसून साफ ठेवते. त्या एकदम थांबल्या. "काकी, डिंक पुसू नका. भुंगेरा आत शिरायला लागला की झाड डिंक सोडून त्याला त्यात बुडवतं. तेवढंच एक त्याच्या हातात असतं."

दिवाळी ते आज. किती वेळा पुसला असेल.

जाताना त्या सहावीच्या बुडख्यापाशी उभ्या राहिल्या. बाजूला फांद्यांचा ढीग, शेंड्याचे तुकडे, सगळं पोखरलेलं. "हे झाड कधी तोडलंत?" म्हटलं, गेल्या होळीला. "आणि फांद्या तेव्हापासून इथेच? सालीसकट?" व्हय म्हटलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मीच विचारलं, ह्यानं झालं का? म्हणाल्या, भुंगेरे मुळात कुठून आले ते सांगता येणार नाही. बाहेरून सामान येतं त्याच्या पेट्यांचं लाकूडही ह्याच जातीचं असतं, त्यातून आले असतील. पण ताज्या तोडलेल्या लाकडाचा वास त्यांना लांबून कळतो. तिथे वाढले नि मग उभ्या झाडांवर गेले.

म्हणजे ह्यानंच झालं.

२० जाने., सोमवार

आज माळावर गेले नाही.

सहावी मी दिली. कुणी मागितली नव्हती. हे श्रावणात गेले, त्यानंतरचा तो पहिला शिमगा. वर्ष झालं नव्हतं, घरात सण नव्हता. पुरण नाही, गोडधोड नाही. होळीवर तर ह्यांचा केवढा जीव. झाड आणायला रानात सगळ्यात पुढे हेच असायचे. मी भावोजींना निरोप पाठवला, की ह्या वर्षी झाड आमच्या माळावरचं न्या. सगळ्यात सरळ सहावी होती. पोरं नाचत घेऊन गेली. शेजारच्या वाडीच्या होळीपेक्षा दोन हात उंच भरली. सगळे म्हणाले, दादाची होळी.

मी दारातून बघितली. बरं वाटलं होतं. हे गेल्यापासून पहिल्यांदा.

फांद्या तिथेच राहू दिल्या. वाटलं, वाळल्या की पावसाआधी सरपण होईल. मग आणायचं राहून गेलं. दहा वेळा त्यांना ओलांडून गेले असेन.

२३ जाने., गुरुवार

पेटीतून ह्यांची घेराची वही काढली. दर वर्षी मृगाच्या आधी हे छातीइतक्या उंचीवर दोरी लावून प्रत्येक झाडाचा घेर घ्यायचे. शेवटच्या वर्षी तीन झाडांपर्यंत घेतला, मग बांधावर बसले. म्हणाले, "तू घे, मी लिहितो." पण लिहिलं मीच. चौथीपासून पुढचे आकडे माझे, वेडेवाकडे.

वहीच्या मागच्या पानांवर उत्तरेतल्या शिकवणीचं टिपण आहे. पाणी किती, सावली किती. त्यात खाली एक ओळ.

"तोडलेले चीडचे लाकूड झाडांजवळ ठेवू नये. लगेच साल काढावी, साल जाळावी. कीड येते."

ही ओळ मी वाचलेली आहे. एकदा नाही. अक्षर लावायला शिकत होते तेव्हा ही पानं मी बोट ठेवून वाचलीत. मला वाटायचं, खात्याचे नियम आहेत, आपल्याला काय.

सगळं वाचते म्हणून मला मोठा गर्व.

२६ जाने., रविवार

मॅडमचा फोन. पाचवी आणि सातवी दोन्ही गेल्या असं धरून चालायचं. सातवी अजून हिरवट दिसते पण आत अळ्या आहेत, त्यांनी साल उचलून बघितली होती. दोन्ही तोडायच्या, साल काढून जाळायची, नवे भुंगेरे उडायच्या आत. फवारा मारून उपयोग नाही, सालीच्या आत पोचत नाही. उरलेल्यांना पाणी द्या, पाणी असेल तर डिंक येतो.

आणि एक चांगलं झाड तोडा म्हणाल्या.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. परत सांगितलं. निरोगी झाड तोडून त्याचे ओंडके सालीसकट उरलेल्यांच्या सावलीत ठेवायचे. ताज्या वासानं आसपासचे भुंगेरे उभी झाडं सोडून त्यात शिरतात. तीन आठवड्यांनी साल सोलून सगळे एकदम जाळायचे. सापळा झाड. "काकी, कुठलं द्यायचं ते तुम्ही ठरवा."

एकीनं सगळं बिघडलं, आता दुसरी द्या.

२८ जाने., मंगळवार

अकरावी.

ती वाकडी आहे. लहान असताना मी तिला शेळी बांधली होती, पाऊस आला म्हणून, अर्धा तासच. शेळीनं ओढून आडवी केली. हे आले, बघितलं. अख्ख्या संसारात तेवढं एकदाच माझ्यावर ओरडले. मग स्वतःच काठ्या लावून ती उभी केली. कंबरेत वाकडी ती वाकडीच राहिली. थट्टेत म्हणायचे, ती तुझी, बाकीच्या माझ्या.

माझी देते.

२ फेब्रु., रविवार

हिरामण आला कुऱ्हाड घेऊन. ह्यांच्याबरोबर रोपवाटिकेत वीस वर्षं होता. आदिवासी वाडीतून चालत येतो, साठी उलटलीय, पण हात अजून सुरीसारखा. नंबरचे पत्रे बघून म्हणाला, "काकी, पाचवी नापास. सातवीबी नापास. आन अकरावीतल्या चांगल्या पोरीला घरी बसवताव." मी म्हटलं, माझी शाळा माळावरच झाली, निकालही इथेच लागायचा. दोघं हसलो. मग त्यानं कुऱ्हाड टेकवून झाडाला हात लावला. तोडायच्या आधी तो लावतोच.

पाचवी पडली, कोरडा आवाज आला. अकरावी पडताना वास सुटला. ह्यांच्या सदऱ्याला यायचा तो.

पाचवीची साल दिवसभर सोलली नि खड्ड्यात जाळली. अकरावीचे सहा ओंडके करून चौथी आणि आठवीच्या मधे ठेवले. पत्रा मी खिळ्यासकट काढून आणला. सहावीच्या फांद्याही जाळल्या. अकरा महिन्यांनी.

सातवी पुढच्या रविवारी.

६ फेब्रु., गुरुवार

पांडू भावोजी आणि होळीवाले दोघे. ओसरीवर बसले. भावोजी म्हणाले, "वयनी, सातवी तोडायचीच हाय ना? मंग होळीला दे. हिरवी हाय, सरळ हाय. सुकी होळी चालत नाय, तुला ठावं हाय."

म्हटलं, किडकी आहे.

"जाळायचीच हाय ना गो! चुलीत जाळ नाय तर होळीत जाळ. दादाच्या नावानं परत उभी रायेल."

त्यांचं खोटं नव्हतं. मलाही वाटलं, फुकट जाळण्यापेक्षा होळीत गेली तर तिचं काही सोनं होईल. व्हय म्हटलं.

ओल्या लाकडाचा वास परत माळावर राहणार नाही, तेवढंच डोक्यात होतं. तारखेचा विचार केला नाही.

९ फेब्रु., रविवार

सातवी गेली. पोरांना रविवारचीच सुट्टी, बाकी दिवस कंपनीत शिफ्ट. म्हणून आजच ओढून नेली. होळी आहे तेरा मार्चला. साडेचार आठवडे आधी.

होळीचा माळ आमच्या माळाच्या पायथ्याशीच. दारातून दिसतो. कुंकू लावलं, नारळ फोडला, हार घातला. ह्यांचं नाव घेऊन ओरडले. भावोजींचा आवाज बसला.

११ फेब्रु., मंगळवार

सहा हंडे पाणी वर नेलं. मोटारीचा पाइप तिथवर पोचत नाही. चौथीच्या डिंकाला हात लावला नाही. मोठ्या गोळ्या आल्यात, पिवळ्या, आतून प्रकाश आल्यासारख्या. एकीत तो अडकलेला दिसला. पाय वर.

बरोबर चाललंय म्हणाले तिला. कुणी ऐकलं नाही तेवढं बरं.

१६ फेब्रु., रविवार

मॅडम आल्या. आधी ओंडके बघितले. अकरावीत भरपूर शिरलेत, सालीवर सगळीकडे लाल भुसा. खूश झाल्या. "काकी, तुमचं झाड काम करतंय." येत्या रविवारी नक्की सोला म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "सातवी कुठे जाळलीत?"

मी खाली बोट दाखवलं. कुंकवाची, हार वाळलेली, सालीसकट. त्या धावत गेल्या म्हटलं तरी चालेल. टोकाला, जिथे ओढताना साल फाटली होती, तिथे बोटानं उचलून बघितलं. आत कोष. पांढरे, तांदळासारखे. काही तपकिरी व्हायला लागलेले.

"होळी कधी?"

सांगितलं.

"दहा-बारा दिवसांत हे उडतील. वर तुमची सात झाडं आहेत. एवढं लाकूड, काकी. त्यांच्या डिंकाला हे आवरणार नाहीत."

आताच सोला म्हणाल्या, कोयता द्या. मला सांगावं लागलं की नारळ फुटलाय. एकदा नारळ फुटला, झाड होळीचं झालं, की त्याला लोखंड लागत नाही. आग लागते ती पौर्णिमेलाच.  शिकलेलं माणूस आहे, पण "मग विचारा ना कुणाला तरी" एवढंच म्हणाल्या. हसल्या नाहीत. त्याचं मला बरं वाटलं.

१७ फेब्रु., सोमवार

भावोजींना सांगितलं. "नाय वयनी. आजवर कदी झाला नाय, आता नाय व्हनार. होळीला कोयता लावला तर वाडीवर काय येल ते कोन घेनार अंगावर?" मी म्हटलं, झाडं मरतील. म्हणाले, "झाडा हाईत गो. मानसा मेली तरी आपन सण पाळतो."

तसं बोलून त्यांनाच लागलं. उठून गेले, टोपी राहिली ओसरीवर.

१९ फेब्रु., बुधवार

सु. चा फोन. सगळं सांगितलं. "तू कशाला व्हय म्हणालीस आई? दोन्ही वेळा?"

 दोन्ही वेळा मला वाटलं, ह्यांना आवडेल.

२१ फेब्रु., शुक्रवार

रोज जाऊन सातवीची साल कानाला लावते. मॅडम म्हणाल्या होत्या आवाज येत नाही एवढ्या लहानांचा. मला येतो. की माझंच रक्त.

चीड म्हणजे काय ते मला आता कळतंय. भावोजींवर नाही, होळीवर नाही. वही वाचून पान उलटणारीवर.

२३ फेब्रु., रविवार

हिरामणबरोबर अकरावीचे ओंडके सोलले. खच्चून भरले होते. खड्ड्यात जाळले तेव्हा तडतड आवाज आला. हिरामण म्हणाला, "आयकताव? पास झाली पोर."

त्याला सातवीचं सांगितलं. त्यानं बिडी पेटवली. मग म्हणाला, "लोखंड नाय लावायचा ना? मंग लोखंड कश्याला पायजे? किडकी साल नखानं सुटते."

मी त्याच्याकडे बघितलं. एवढं मला सुचू नये.

२६ फेब्रु., बुधवार. महाशिवरात्र

सविस्तर लिहिते.

सकाळी आंघोळ करून उपाशीपोटी निघाले. करवंट्या दोन, बांबूच्या दोन पाचरी हिरामणनं तासून दिलेल्या, घमेलं, आणि ह्यांची वही. होळीचा माळ शंकराच्या देवळाच्या वाटेवरच, बायका बेल घेऊन जात होत्या. सगळ्यांच्या देखत सातवीवर बसले नि करवंटीनं साल खरवडायला लागले. सुटली. हातभर लांब पट्टा एकदम निघाला, आत कोष, आणि काळे. काही हलत होते. दोन दिवस उशीर झाला असता तर.

भावोजींना कुणीतरी सांगितलं. धोतर सावरत आले. "वयनी! येडी झालीस का काय!"

मी हात वर करून दाखवले. "लोखंड नाही भावोजी. करवंटी आहे, बांबू आहे."

"पन होळी सोलायची व्हय? सोललेली होळी कोन उभी करतो?"

मी वही काढली. म्हटलं, तुमच्या दादाचं अक्षर आहे. त्यांनी चष्मा आणला नव्हता. "तू वाच." वाचलं. तोडलेले चीडचे लाकूड झाडांजवळ ठेवू नये. लगेच साल काढावी, साल जाळावी. कीड येते.

"परत वाच."

परत वाचलं. पाचसहा बायका थांबल्या होत्या बेल हातात घेऊन. भावोजी खाली बघत होते. मग म्हणाले, "ह्ये दादानं कदी लिवला?"

म्हटलं, बी आणलं तेव्हाच.

"आन तू वाचला नवता?"

"वाचलं होतं."

सगळ्यांच्या समोर बोलले ते.  भावोजी पुढे आले. मग माझ्या घमेल्यातली दुसरी करवंटी उचलली, उलटी-सुलटी करून बघितली, आणि धोतर गुडघ्यावर घेऊन पलीकडच्या टोकाला बसले. "जिता असताना त्याचा एक शब्द आयकला नाय मी," म्हणाले. "घे. सोल."

मग बायका बसल्या. कुणी काठीनं, कुणी नखांनी, कुणी देवळातली तांब्याची पळी आणली, तांबं चालतं का ह्यावर वाद झाला, चालतं असं ठरलं. शेजारची यमुनी म्हणाली, "काय गो, उपवासाच्या दिवशी किडं मारताव, शंकर काय म्हनेल?" भावोजी म्हणाले, "शंकर म्हनेल, पयलं माज्या पिंडीवर पानी घाला आन मंग बोला." दोन वाजेपर्यंत सगळी सोलली. सातवी आतून पांढरी, दुधासारखी, अंगभर त्या रेघा.

साल घमेल्यांनी वाहून माझ्या न्हाणीच्या चुलीत घातली. होळीआधी माळावर आग नको म्हणून. दिवसभर पाणी तापत राहिलं. सगळ्या वाडीला हात धुवायला गरम पाणी.

काही उडालेच असतील. किती ते माहीत नाही.

२ मार्च, रविवार

सातही बघितल्या. चौथीचा डिंक तसाच. बाकी ठीक. पाणी चालू. भावोजींनी मोटारीचा पाइप जोडून वरपर्यंत नेला, न विचारता. टोपी न्यायला आले होते म्हणाले.

१३ मार्च, गुरुवार. होळी

पुरण घातलं. दोन वर्षांनी. हात विसरला होता, पहिल्या दोन फुटल्या.

सूर्य मावळता सातवी उभी केली. सोललेली म्हणून लांबून चमकत होती. शेजारच्या वाडीची पोरं बघायला आली, म्हणाली, पॉलिश मारलात काय? आमच्या पोरांनी व्हय म्हणून सांगितलं.

सुषमा आली होती. आम्ही दोघींनी नैवेद्य ठेवला. शिव्या, बोंबा, ढोल. भावोजी ह्यांच्या नावानं ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वयनी, तुलाबी वरडायचा तर वरड. आजच्या दिवस माफ हाय."

मी तोंडावर हात नेला. आवाज निघाला, पण बोंब झाली नाही. सुषमानं माझा दंड धरून ठेवला.

चांगली जळली. राख उडत वर आमच्या माळाकडे जात होती.

१५ मार्च, शनिवार

सुषमा गेली. जाताना गडबचं काही बोलली नाही. म्हणाली, "पावसाआधी घेर घ्यायला येईन. दोरी मी धरते, तू लिही."

१८ मार्च, मंगळवार

सकाळी वर गेले. पहिली, दुसरी, तिसरी ठीक. चौथी ठीक, डिंक ओला.

आठवीच्या बुंध्यावर, कंबरेच्या उंचीला, सालीच्या खाचेत भुकटी. चिमूटभर. बोटावर घेऊन बघितली. करडी की तांबूस, नक्की कळेना. होळीची राख वाऱ्यानं सगळीकडे बसलीय, पानांवर, बांधावर, माझ्या पायरीवरसुद्धा. भुंगेऱ्याचा भुसा लाल असतो. पण कोवळ्या उन्हात राखही लाल दिसते.

भोक शोधलं. दिसलं नाही. चष्मा पुसून परत शोधलं.

भुकटी पदरानं पुसून टाकली, डिंक नाही, फक्त भुकटी. राख असेल तर परत येणार नाही. बुंध्याभोवती दोन हंडे पाणी घातलं आणि उतरले.

उद्या सकाळी बघायचं.